माया की माइआ? एका उच्चाराची दोन कुळे

ब्रिटनमधील मराठी कुटुंबांना मुलीसाठी पुष्कळदा असे नाव हवे असते, जे इंग्रजी जिभेवर सहज रुळेल आणि आजी-आजोबांनाही परके वाटणार नाही. 'माया' हे नाव या दोन्ही कसोट्यांना उतरते. इंग्लंड व वेल्समधील मुलींच्या लोकप्रिय नावांच्या पहिल्या शंभरांत त्याने अलीकडच्या काळात स्थान मिळवले आहे. मात्र या एका उच्चारामागे दोन स्वतंत्र शब्द उभे आहेत.

पहिला ग्रीक. 'माइआ' हा प्राचीन ग्रीक भाषेत वडीलधाऱ्या स्त्रीला, दाईला व सुईणीला उद्देशून वापरला जाणारा शब्द. आजच्या ग्रीक भाषेतही 'मेआ' या उच्चाराने तो सुईणीचाच वाचक आहे. सॉक्रेटिसची आई फैनारेटी सुईण होती. प्लेटोच्या 'थिएटेटस' या संवादात सॉक्रेटिस आपल्या प्रश्नोत्तराच्या पद्धतीला सुईणीच्या कलेची उपमा देतो.

पुराणकथेतील माइआ ही अ‍ॅटलासची कन्या आणि हर्मीस देवाची माता. कॅलिस्टोचा पोरका मुलगा आर्कास याचेही संगोपन तिनेच केले. ज्या सात भगिनींत ती थोरली, त्यांचा तारकापुंज म्हणजे आपल्या कृत्तिका; आणि भारतीय परंपरेत कार्तिकेयाला दूध पाजणाऱ्या माता त्याच. रोमन लोकांनी या माइआची आपल्या त्याच नावाच्या देवतेशी सांगड घातली. मे महिन्याचे नाव त्या रोमन देवतेवरून पडले, असे सामान्यतः मानले जाते.

दुसरा शब्द संस्कृत. ऋग्वेदात 'माया' म्हणजे देवांची अद्भुत शक्ती; वेदान्तात जगाचा भास निर्माण करणारे तत्त्व. गौतम बुद्धांच्या मातेचे नावही मायादेवी. हा शब्द मोजणे, घडवणे या अर्थाच्या 'मा' धातूपासून आला, असे सहसा सांगितले जाते. मराठीने त्याला आणखी एक अर्थ दिला: जिव्हाळा. 'आईची माया' म्हणताना कोणालाही भ्रम अभिप्रेत नसतो. 'त्याने बरीच माया जमवली' यात तोच शब्द पैशाचा वाचक होतो.

म्हणून 'माया' आणि 'माइआ' एकाच मुळातून आले, हे म्हणणे भाषाशास्त्राला धरून नाही. ग्रीक शब्दाचे खरे नाते मराठीत शोधायचे, तर ते 'माय' या शब्दाशी आहे. 'माय' संस्कृत 'मातृ'वरून आला. 'मातृ' आणि 'माइआ' या दोहोंच्या मुळाशी बालकाच्या तोंडचा 'मा' हा ध्वनी मानला जातो.

इंग्रजी जगात या नावाला इतर वाटाही मिळाल्या. अमेरिकी लेखिका माया अँजेलो यांचे मूळ नाव मार्गरीट. लहानपणी भाऊ 'माझी बहीण' या अर्थाने जी हाक मारी, तिचेच पुढे 'माया' झाले.

हा भेद व्यवहारात येतो तो जन्मनोंदणीच्या वेळी. इंग्लंड व वेल्समध्ये ती ४२ दिवसांत, स्कॉटलंडमध्ये २१ दिवसांत करावी लागते. बाराव्या दिवशी बारसे झाले, तरी विचाराला अवधी उरतो. नोंद रोमन लिपीत होते आणि शब्दाचे कूळ तिथे केवळ एका अक्षरावर ठरते. 'वाय' लिहिल्यास भारतीय वाचन शक्य राहते. 'आय' लिहिल्यास वाचणारा ते नाव ग्रीक समजतो. शिवाय अधिकृत आकडेवारीत ही दोन्ही रूपे वेगवेगळी नावे म्हणून मोजली जातात. नोंदणीनंतर विचार बदललाच, तर इंग्लंड व वेल्समध्ये बारा महिन्यांच्या आत मुलाचे पहिले नाव बदलून घेता येते.

शाळेत 'तुझ्या नावाचा अर्थ काय?' हा प्रश्न मुलीला कधीतरी विचारला जाणारच. 'भ्रम' एवढेच उत्तर शब्दकोशाला धरून असले, तरी अपुरे आहे. तिच्या नावाचा मराठी अर्थ माया लावणे हा आहे, आणि तो तिला घरातूनच कळायला हवा.