ओळख पटणे

जळगावचं कुठलंही स्थानिक वर्तमानपत्र घ्या. आतल्या पानावर, अगदी खाली, अधूनमधून एक छोटीशी चौकट असते. अनोळखी पुरुषाचा मृतदेह. वय अंदाजे पस्तीस ते चाळीस, रंग सावळा, बांधा मध्यम, अंगात चौकड्यांचा शर्ट, उजव्या हातावर गोंदलेलं. ओळखणाऱ्याने पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा. बस्स, एवढंच.

आमचं गाव रेल्वेचं. मुंबईहून भुसावळकडे जाणारी लाईन गावातून जाते आणि सुरतेची लाईन इथेच येऊन मिळते. माणसं येतात, उतरतात, चढतात... काही पोचतच नाहीत. मेहरूणमधल्या आमच्या घरी सगळे ती चौकट टाळून पुढच्या पानावर जातात. मी मात्र ती वाचतो. आणि दर वेळी मला पानिपत आठवतं!

हसू नका. सांगतो.

१४ जानेवारी १७६१. दुपारनंतर लढाई फिरली, विश्वासराव पडले, सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. त्यानंतर त्यांना जिवंत पाहिल्याचं खात्रीनं सांगणारं कुणी उरलं नाही. पुढे काय झालं ते आपल्याला मुख्यतः काशीराज सांगतो. हा दख्खनी ब्राह्मण, पण नोकरीला शुजाउद्दौलाकडे, म्हणजे शत्रूच्या गोटात. त्याने १७८० च्या सुमारास फारसीत ही हकीकत लिहिली. भाऊंचा देह शोधायला जी माणसं रणावर गेली त्यांत तो स्वतः होता.

प्रेतांच्या राशीत त्यांना एक धड सापडलं. शीर नाही. आता ओळखायचं कसं? भाऊंना जवळून पाहिलेल्या मराठी माणसांनी एकेक खूण तपासली. मांडीवर रुपयाएवढा काळा डाग. पाठीवर जुन्या जखमेचा वण (१७५९ मध्ये मुजफ्फरखान गारद्याने भाऊंवर वार केला होता, तो). तळपायावर ज्योतिषी ज्यांना शुभ मानतात त्या रेषा. देह पस्तिशीच्या आसपासच्या, मजबूत बांध्याच्या माणसाचा. आणि शेवटची खूण मला सगळ्यांत आवडते. भाऊ रोज सूर्याला १२०० नमस्कार घालत हे सर्वांना ठाऊक होतं, आणि या देहाच्या गुडघ्यांवर आणि हातांवर त्याचे घट्टे होते! शीर मागाहून एका दुराणी शिपायाकडे मिळालं, आणि अग्निसंस्कार झाले.

आता ही यादी आणि वर्तमानपत्रातली चौकट शेजारी शेजारी ठेवा. वय, बांधा, अंगावरची खूण. अडीचशेहून जास्त वर्षं झाली, पण पहिली पायरी तीच आहे.

फरक पुढे पडतो. समजा, तो देह त्या दिवशी सापडलाच नसता आणि काही वर्षांनी नुसती हाडं हाती लागली असती, तर? इथे फॉरेन्सिक अँथ्रोपॉलॉजी, म्हणजे न्यायवैद्यक मानवशास्त्र, कामाला येतं. नाव जड आहे, प्रश्न साधे आहेत. हाडं माणसाची की जनावराची? पुरुष की बाई? वय किती? उंची किती? कशाने मेला? आणि शेवटी, कोण?

काशीराजाच्या यादीला हेच प्रश्न लावून पाहू. मांडीवरचा डाग गेला, तो कातडीबरोबर गेला. तळपायाच्या रेषा गेल्या. पाठीचा वण? पात्याने बरगडीला किंवा खांद्याच्या फऱ्याला स्पर्श केला असेल, तर हाड भरून आल्याची खूण राहते. नुसत्या मांसातली जखम राहत नाही. पुरुष की बाई, हे कमरेच्या हाडावरून सगळ्यांत चांगलं कळतं, कारण बाळंतपणासाठी बाईचं कटीर रुंद असतं. वयासाठी गळ्याजवळचं हाड पाहतात. त्याचं छातीकडचं टोक शरीरात सर्वांत शेवटी जुळतं, विशीच्या उत्तरार्धापर्यंत. भाऊंचा जन्म १७३० चा, म्हणजे पानिपतावर ते तिशीत होते. त्यांचं ते टोक जुळलेलं दिसलं असतं, आणि तज्ज्ञ म्हणाला असता, पंचविशीच्या पुढचा, पण म्हातारा नव्हे. यापेक्षा नेमकं सांगणं अवघड. चाळिशीनंतर तर अंदाज दहा-पंधरा वर्षांनी मागेपुढे होतो. उंचीसाठी मांडीचं हाड मोजून गणित करतात. पण युरोपातल्या लोकांवरून काढलेलं गणित आपल्या माणसाला लावलं तर चुकतं.

आणि १२०० नमस्कार? घट्टे जातात, पण सवय हाडातही उतरते. स्नायू जिथे हाडाला चिकटतात तिथे कष्टकऱ्याचं हाड खरखरीत, उंच होतं. पायाची बोटं दुमडून वर्षानुवर्षं गुडघ्यांवर बसणाऱ्यांच्या पंज्याच्या हाडांवर खुणा उमटतात. म्हणजे माणूस रोज काय करत होता याची थोडीफार नोंद त्याचा सांगाडा ठेवतो. मला हे वाचून अंगावर काटा आला होता.

खुणा कुणी मुद्दाम पुसल्या तर काय, याचं उत्तर १९३५ साली मिळालं. इंग्लंडमधल्या लँकेस्टरचा डॉक्टर बक रक्स्टन हा मूळचा मुंबईचा पारशी, डॉक्टरकी मुंबईतच शिकलेला. त्याने बायकोचा आणि घरातल्या दाईचा खून केला, आणि ओळखीच्या सगळ्या खुणा कापून काढून तुकडे स्कॉटलंडमध्ये मॉफटजवळच्या ओढ्यात टाकले. काय पुसायचं ते डॉक्टर असल्यामुळे त्याला पक्कं माहीत होतं. पण कवटी राहिली. ग्लेस्टर आणि ब्रॅश या प्राध्यापकांनी कवटीचा फोटो बायकोच्या फोटोवर बसवून पाहिला, आणि तो बसला. १९३६ मध्ये रक्स्टन फासावर गेला. अर्थात अशा जुळणीवरून 'ही तीच' यापेक्षा 'ही ती नव्हे' असं सांगणं जास्त सोपं असतं. आता डीएनए आहे. पण डीएनएलासुद्धा जुळवायला समोर कुणीतरी लागतं. रक्ताचं माणूस शोधत आलंच नाही, तर तो अहवाल फायलीतच राहतो.

पुन्हा पानिपताकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

एवढ्या खुणा पटल्या, अंत्यसंस्कार झाले. पण ते झाले शत्रूच्या छावणीत, पुण्यापासून शेकडो कोस दूर. पुण्यातल्या माणसांनी काहीच पाहिलं नव्हतं. मग काही वर्षांत एक माणूस 'मीच भाऊ' म्हणत उभा राहिला. हा सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण. पकडला, चौकशी झाली, किल्ल्यात ठेवला. १७७६ मध्ये तो रत्नागिरीहून सुटला आणि कोकणात हजारो माणसं त्याच्यामागे उभी राहिली! शेवटी आंग्र्यांनी त्याला धरलं आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांचं 'तोतयाचे बंड' हे नाटक याच्यावरच आहे.

आणि भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई. त्या स्वतः पानिपतावर होत्या, जीव वाचवून परतल्या. १७८३ मध्ये वारल्या. मधली बावीस वर्षं त्यांनी वैधव्य घेतलं नाही. आपण त्यांना भोळं म्हणून मोकळे होतो. पण त्यांच्या बाजूने बघा. त्यांना कुणी काय दाखवलं होतं? एक ऐकीव बातमी.

मराठीत आपण ओळख 'होते' म्हणतो आणि ओळख 'पटते' असंही म्हणतो. पटणं म्हणजे मनाला मान्य होणं. हाडं तज्ज्ञाला बोलतात, पण पटायचं असतं ते घरच्यांना. आमच्या गल्लीत एक मावशी आहेत. त्यांचा नवरा कामासाठी सुरतेला गेला तो आलाच नाही. सात वर्षं ठावठिकाणा नसला की कायदा माणूस मेला असं धरून चालतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात ही तरतूद होती, २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे. कुणीतरी मावशींना ते समजावलं, रेशनकार्डावरचं नाव कमी करा म्हणाले. मावशींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण दाखवा ना मला."

त्यांना मी काय उत्तर देणार? म्हणून मला ही विद्या मोठी वाटते. खुनी पकडला जातो हे ठीकच, पण कुणाला तरी रडायची मोकळीक मिळते, हे त्याहून मोठं. पार्वतीबाईंना ती कधी मिळाली नाही.