सिलिंडर हेडची उचल

सिलिंडर हेडची उचल म्हणजे अंतर्ज्वलन इंजिनात ज्वलनाच्या दाबामुळे सिलिंडर हेड ब्लॉकपासून क्षणभर आणि अत्यल्प अंतराने विलग होणे. टर्बोचार्जर किंवा सुपरचार्जर यांच्या साहाय्याने अधिक दाबाची हवा पुरविल्या जाणाऱ्या मोटारींच्या इंजिनांत हा दोष विशेषेकरून आढळतो. निर्माण होणारी फट डोळ्यांना दिसण्याजोगी नसते. तथापि तिच्यातून तप्त वायू निसटतात, गॅस्केट जळते व शीतलक सिलिंडरमध्ये शिरून इंजिन निकामी होऊ शकते. हेड जागेवर धरून ठेवण्याचे काम गॅस्केट करत नाही, ते बोल्टांमधील ताण करतो. त्यामुळे मूळ कारण दूर न करता केवळ गॅस्केट बदलल्यास दोष पुन्हा उद्‌भवतो.

बलांचा समतोल

हेडवर खालून येणारे बल हे सिलिंडरमधील दाब व सिलिंडरच्या छेदाचे क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराइतके असते. टोयोटाच्या २जेझेड-जीटीई या सहा सिलिंडरांच्या इंजिनात सिलिंडरचा आंतरव्यास ८६ मिमी आहे. अशा सिलिंडरमध्ये १०० बार दाब निर्माण झाल्यास हेडवर सुमारे ५८ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ ५.९ टन भाराइतके बल येते. दाब १५० बार झाल्यास हे बल सुमारे ८७ किलोन्यूटन होते. मिनिटाला ६,००० फेरे घेणाऱ्या चतुर्घाती इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये असा आघात सेकंदाला ५० वेळा होतो.

बोल्ट घट्ट करताना तो किंचित ताणला जातो आणि ताठ स्प्रिंगप्रमाणे हेड व ब्लॉक एकमेकांवर दाबून धरतो. या आरंभीच्या ताणाला पूर्वताण म्हणतात. वायूचे बल वाढत जाते तसतसा गॅस्केटवरील दाब कमी होतो. हेड प्रत्यक्ष उचलले जाण्यापूर्वीच हा दाब अपुरा पडून गळती सुरू होऊ शकते. म्हणून एकूण पूर्वताण वायूच्या कमाल बलापेक्षा बराच अधिक ठेवावा लागतो.

लक्षणे

पूर्ण भारावर शीतलकाच्या टाकीतून द्रव बाहेर फेकला जाणे, रेडिएटरच्या नळ्या अकाली कडक होणे, धुराड्यातून पांढरा धूर येणे व इंजिन अतितप्त होणे ही प्रमुख लक्षणे होत. भार कमी होताच हेड पुन्हा जागेवर बसते. त्यामुळे संथ गतीने चालणाऱ्या इंजिनाच्या तपासणीत दोष सापडेलच असे नाही.

प्रतिबंधक उपाय

बोल्ट व स्टड : उच्च बलाच्या मिश्रपोलादाचे किंवा अधिक व्यासाचे बोल्ट वापरल्यास पूर्वताण वाढविता येतो. व्यास १२ मिमीवरून १४ मिमी केल्यास छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ३६ टक्क्यांनी वाढते. अनेक इंजिनांत बोल्टांऐवजी स्टड बसवितात. स्टड ब्लॉकमध्ये स्थिर राहतो व वरचा नट फिरतो. त्यामुळे ब्लॉकमधील आट्यांची झीज टळते आणि पिळाचा ताणही कमी पडतो.

घट्ट करण्याची पद्धत : पाना फिरविताना लावलेल्या जोरापैकी बहुतांश भाग घर्षणात खर्च होतो; बोल्ट ताणण्यास जेमतेम दहावा भाग उपयोगी पडतो. आटे कोरडे किंवा गंजलेले असल्यास टॉर्क पान्यावरील आकडा योग्य असूनही पूर्वताण अपुरा राहतो. यासाठी आटे स्वच्छ करून ठरवून दिलेले वंगण लावतात आणि मध्यापासून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने बोल्ट आवळतात.

गॅस्केट व पृष्ठभाग : पोलादी पत्र्यांच्या अनेक थरांचे गॅस्केट आघात चांगल्या प्रकारे सोसते, मात्र त्यासाठी हेड व ब्लॉक यांचे पृष्ठभाग सपाट व गुळगुळीत असावे लागतात. शर्यतीच्या काही इंजिनांत सिलिंडरभोवती खाच कोरून तीत धातूची तार बसवितात आणि तांब्याचे गॅस्केट वापरतात. त्यामुळे दाब एका अरुंद कड्यावर एकवटतो. या उपायांनी गळती रोखण्यास मदत होते, परंतु पूर्वताणाची उणीव भरून निघत नाही.

ज्वलनदाबाचे नियंत्रण : नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचे अनियंत्रित स्फोटक ज्वलन, झाल्यास दाब एकाएकी उसळतो. अधिक ऑक्टेन अंकाचे इंधन, इंटरकूलर, कमी संपीडन गुणोत्तर, विलंबित प्रज्वलन आणि पाणी व मिथेनॉल यांचा फवारा यांनी नॉकिंगला आळा बसतो. १९६२ मध्ये बाजारात आलेल्या ओल्ड्समोबिल जेटफायर या टर्बोचार्जरयुक्त मोटारीचे संपीडन गुणोत्तर १०.२५ इतके उच्च होते. नॉकिंग टाळण्यासाठी तीत पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण फवारण्याची सोय होती.

उदाहरणे

फोर्डच्या पिकअप वाहनांतील ६ लिटरच्या पॉवर स्ट्रोक डिझेल इंजिनात प्रत्येक सिलिंडरभोवती चार बोल्ट होते. हेड गॅस्केट निकामी होण्याच्या तक्रारींमुळे हे इंजिन ओळखले गेले आणि मूळ बोल्ट काढून स्टड बसविणे ही त्यावरील रूढ दुरुस्ती ठरली. त्यानंतरच्या ६.४ लिटर इंजिनात बोल्टांचा व्यास १४ मिमीवरून १६ मिमी करण्यात आला.

अमेरिकेतील ऑफेनहाउझर शर्यत-इंजिनात हेड व सिलिंडर ब्लॉक हे एकाच ओतीव भागाचे असत. सांधाच नसल्यामुळे हेड उचलले जाण्याचा प्रश्न उद्‌भवत नसे. त्यामुळे हे इंजिन उच्च दाबाच्या टर्बोचार्जरला अनुकूल ठरले. १९६८ साली बॉबी अन्सर याने याच इंजिनाच्या मोटारीने इंडियानापोलिस ५०० ही शर्यत जिंकली. टर्बोचार्जरयुक्त इंजिनाचा हा त्या शर्यतीतील पहिला विजय होता. मात्र अशा रचनेत झडपा व त्यांच्या बैठकींचे काम सिलिंडरच्या आतून करावे लागत असल्याने ती सर्वसाधारण मोटारींना सोयीची नाही.

मर्यादा

पूर्वताण हवा तेवढा वाढविता येत नाही. अतिरिक्त ताणामुळे सिलिंडरची गोलाई बिघडते, हेड वाकते किंवा ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधील आटे उखडतात. शिवाय, नॉकिंगचा दाब सोसण्याइतका सांधा बळकट केला तरी तोच दाब पुढे दट्ट्या, संयोगदांडा व बेअरिंग यांवर येतो. म्हणून बळकट बोल्ट व ज्वलनदाबाचे नियंत्रण हे दोन्ही उपाय एकत्र योजावे लागतात.