जुन्या लाकडाची कुळकथा

जुना वाडा पाडला, की त्याच्या तुळया, दारं, कडीपाटाच्या फळ्या जुन्या बाजारात येतात. त्यांचं टेबल किंवा झोपाळा करून घेण्याची हौस हल्ली बरीच दिसते. हौस चांगलीच, पण असं लाकूड घरात घेण्याआधी मी एकच विचारतो : हे आधी कुठं होतं?

कारण लाकूड टिकवण्याच्या इतिहासात विषाचा वाटा मोठा आहे. १८३८ मध्ये इंग्लंडात जॉन बेथेल यांनी डांबरापासून निघणारं तेल दाबाखाली लाकडात मुरवण्याचं पेटंट घेतलं. हेच क्रिओसोट. रुळांखालचे स्लीपर त्यामुळं वर्षानुवर्षं टिकू लागले.

पुढची गोष्ट आपल्या देशातली. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंती कामेसम यांनी १९३३ मध्ये 'ॲस्क्यू' तयार केलं. शाळेतलं रसायनशास्त्र आठवा : 'एएस' म्हणजे आर्सेनिक, 'सीयू' म्हणजे तांबं. ही दोन्ही वाळवी आणि बुरशीला मारतात, पण पावसात धुऊन जातात. कामेसम यांनी त्यात क्रोमियम घातलं आणि ती लाकडाला धरून राहू लागली. कल्पना अस्सल होती. विजेच्या खांबांपासून कुंपणापर्यंत ती जगभर गेली. मात्र धरून राहिलेलं आर्सेनिक जुन्या खांबातही असतंच. अमेरिकेत घरगुती वापराच्या बहुतेक लाकडासाठी हे द्रावण २००३ अखेर बंद झालं. हिरवट झाक काळानं उडते, म्हणून नुसत्या रंगावरून ओळख पटत नाही.

स्लीपर उन्हात तापला, की तेल पुन्हा वर येतं. असा स्लीपर किंवा खांब रंधून, धुऊन शुद्ध होत नाही. तो घरात नकोच. त्याचे तुकडे बंबातही घालू नयेत. धूर विषारी, आणि आर्सेनिक राखेत उरतं.

वाड्याच्या सागाचं तसं नाही. त्याचा गाभा मुळातच वाळवीला दाद देत नाही. भुंगा लागतो तो कडेच्या फिक्या भागाला. छिद्राखाली ताजा भुसा पडत असेल, तर कीड जिवंत समजावी. नुसतं ऊन पुरत नाही. मालाच्या खोक्यांच्या लाकडासाठी आंतरराष्ट्रीय नियम आहे तो गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, ३० मिनिटं. आधी खिळे उपटावेत, नाहीतर सुताराच्या रंध्याचं पातं जातं. मग कोरड्या, उघड्या लाकडाला बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सचं द्रावण द्यावं, आणि ते पूर्ण वाळल्यावरच तेल किंवा पॉलिश. हे द्रावण पाण्यानं निघून जातं, म्हणून ते घरातल्याच लाकडाला योग्य.

दारांवरचा जुना ऑइलपेंट मात्र कोरडा घासू नये. त्यात शिसं असू शकतं. रंगातल्या शिशावर दशलक्षात ९० भागांची मर्यादा आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाली, आणि वाड्यांची दारं त्याच्या कितीतरी आधी रंगलेली.