पिपावरची फळी

माझ्या एका कॉलेजमित्राने निवृत्त झाल्यावर घरामागच्या अंगणात स्वतःच्या हाताने एक छोटा बार उभारला. दोन लाकडी पिपं, त्यांवर सागवानी फळी, मागे बाटल्या ठेवायला मांडणी. उद्घाटनाला त्याने मला बोलावलं. म्हणाला, "शायर, फीत तूच कापायची." मी म्हटलं, "अरे, आयुष्यभर कवितेतसुद्धा मी साकीला हाताच्या अंतरावर ठेवलं, आणि आता उतारवयात मयखान्याची फीत?" तो म्हणाला, "तू कोकम सरबत घे. पण ये."

गेलो. आणि सरबत पिता पिता त्या फळीवर हात फिरवताना लक्षात आलं, की इथे पिण्यापेक्षा ऐकण्यासारखं जास्त आहे.

आधी शब्दच घ्या. 'बार' म्हणजे मुळात आडवं लाकूड, गिऱ्हाईक आणि विकणारा यांच्यामधला अडसर. 'पीप' हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला. त्यांच्याकडे 'पिपा' म्हणजे मद्याचा मोठा लाकडी बुधला. आपण त्यातलं मद्य काढून टाकलं आणि पाणी भरलं. 'दारू' तर फारसीतली. तिथे दारू म्हणजे औषध. मराठीत येईपर्यंत ती पिण्याचीही झाली आणि बंदुकीचीही. मुंबईच्या दारूखान्याचं नाव ऐकून नवखा माणूस भलतंच समजतो. ते नाव पडलं बंदुकीच्या दारूवरून. पुढे तिथे जुनी जहाजं तोडली जाऊ लागली, आणि त्यांचं लाकूड मुंबईतल्या घराघरांत पोचलं.

आता पिपाची करामत पाहा. त्यात ना खिळा, ना सरस. बाकदार फळ्या आगीच्या उबेवर वाकवायच्या, एकमेकींना भिडवायच्या आणि बाहेरून लोखंडी पट्ट्या ठोकायच्या. आत ओल असली की लाकूड फुगतं आणि सांधे आपोआप घट्ट होतात. मित्राची पिपं नाशिककडची, वाईन मुरवण्याच्या कामातून निवृत्त झालेली, सव्वादोनशे लिटरची. ओकच्या लाकडाचा वास काही वर्षांत वाईनमध्ये उतरून जातो, मग पीप बाहेर पडतं. अमेरिकेत तर 1930च्या दशकापासून बर्बन व्हिस्कीसाठी दर वेळी आतून जाळलेलं नवं ओकचं पीप लागतं, असा नियम आहे. त्यामुळे तिथली एकदा वापरलेली पिपं स्कॉटलंडला जातात, तिथली व्हिस्की मुरवतात, आणि म्हातारपणी कुणाच्या तरी बागेत कुंडी किंवा टेबल होतात.

मित्राने पिपं एप्रिलच्या उन्हात ठेवली. पंधरा दिवसांत लाकूड आटलं, पट्ट्या घसरल्या आणि एक पीप फुलासारखं उमललं. मिस्त्री हसला. म्हणाला, "साहेब, सुकं पीप म्हणजे सुटलेली मोळी." त्याने फळ्या पुन्हा उभ्या केल्या, पट्ट्या ठोकून बसवल्या, पाणी भरून पीप दोन दिवस फुगू दिलं आणि मग प्रत्येक फळीला पट्टीशी स्क्रूने जखडलं. पीप अर्धं कापायचं असेल तरी आधी हेच करायचं, नाहीतर करवत फिरताच सगळं हातात येतं.

फळीची गोष्ट वेगळी. ती मित्राच्या आजोबांच्या वाड्याची तुळई. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा ती दिवसभर पाण्यात होती. पुढे वाडा पाडला. बाकीचं लाकूड जुन्या लाकडाच्या वखारीत गेलं, ही एक तुळई मित्राने मागून घेतली. चिरण्याआधी मिस्त्रीने लोहचुंबक फिरवून खिळे शोधले, कारण लपलेला एक खिळा करवतीचे दात घालवतो. रंधा मारला तेव्हा आतून सोन्यासारखा रंग निघाला आणि सागाचा तो तेलकट वास पसरला. साठ वर्षांपूर्वीच्या पुराची आत खूणसुद्धा नव्हती.

याच गुणामुळे इंग्रजांचा साग‍ावर डोळा होता. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागातलं तेल त्यांना सांभाळतं. वाडिया घराण्याचे मूळ पुरुष लवजी 1736 साली सुरतेहून मुंबईला आले. पुढे त्यांच्या वंशजांनी मुंबईच्या गोदीत ब्रिटिश नौदलासाठी सागवानी युद्धनौका बांधल्या. 1817 सालची 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. दुसरी 'गंगा', इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'गँजेस'. 84 तोफांची ही नौका 1821 साली मुंबईत पाण्यात उतरली. प्रशांत महासागरातल्या ताफ्याचं नेतृत्व तिने केलं. म्हातारी झाल्यावर तिच्यावर कोवळी पोरं खलाशाचं काम शिकली. तिच्या पोटातही पिपंच होती. त्या काळी पाणी, खारवलेलं मांस, रम आणि बंदुकीची दारू सगळं पिपातच भरत. बंदुकीच्या दारूच्या पिपाला मात्र तांब्याच्या पट्ट्या घालत, कारण लोखंडाची ठिणगी पडली तर जहाजच उडायचं.

1930 साली 'गंगा' तोडली. डेव्हनच्या किनाऱ्याजवळ बर्ग आयलंड नावाचं एक चिमुकलं बेट आहे. तिथे नुकतंच एक झोकदार हॉटेल झालं होतं. 'गंगे'च्या कप्तानाची केबिन नेऊन त्या हॉटेलात बसवली. मुंबईच्या सुतारांनी घडवलेल्या लाकडाच्या सावलीत इंग्लंडमधले शौकीन पाहुणे खाऊपिऊ लागले. जुन्या लाकडाची हौस माझ्या मित्राची एकट्याची नाही, असं म्हणायला हरकत नाही.

पण थोडं थांबू या. तो साग आला कुठून? मुंबईच्या जहाजांना साग पुरवायचा तो प्रामुख्याने मलबारच्या जंगलांनी. नौदलाची भूक भागवण्यासाठी कंपनी सरकारने 1806 साली कॅप्टन वॉटसन यांना जंगलांचं रक्षक नेमलं. नाव रक्षकाचं, काम सरकारसाठी साग राखण्याचं. ज्यांच्या परड्यात आणि डोंगरात तो वाढला, त्या जमीनदार-शेतकऱ्यांनाच तो तोडायची बंदी झाली. असंतोष इतका वाढला, की 1823 साली ते पदच रद्द करावं लागलं. तोवर जंगलं विरळ झाली होती. अखेर 1840च्या दशकात मलबारचे कलेक्टर कॉनोली यांनी निलांबूरला सागाची लागवड सुरू केली. ती जगातल्या पहिल्या सागलागवडींपैकी एक. म्हणजे झाड लावायची बुद्धी आली ती लाकूड संपत आल्यावर.

वाडियांचं नाव इतिहासात राहिलं, ते रास्तच आहे. कॅप्टनांची आणि कलेक्टरांची नावंही राहिली. पण कुऱ्हाड चालवणारा, ओंडका नदीत सोडणारा, गोदीत रंधा मारणारा, यांची नावं कुठल्या फळीवर आहेत? जुनं लाकूड वापरलं म्हणजे आज एक झाड वाचतं, हे खरं आणि चांगलंच आहे. मात्र आपण लाकूड वाचवतो आणि त्याची हकीकत भंगारात टाकतो. अलंगच्या रस्त्यावर जहाजातलं कपाट घेताना आपण भाव विचारतो, जहाजाचं नाव विचारत नाही. वाड्याचा दरवाजा दिवाणखान्यात लावतो आणि पाहुण्याला सांगतो, 'अँटिक आहे.' कुणाचा, कुठल्या पेठेतला, हे विचारलं तर आपण गप्प.

हे सगळं मी त्या संध्याकाळी मित्राला ऐकवलं. कवीला बोलावलं की एवढी शिक्षा भोगावी लागते. तो काही बोलला नाही.

महिन्याने पुन्हा गेलो, तेव्हा म्हणाला, "वाकून फळीच्या खालून बघ." चष्मा सावरत वाकलो. पटाशीने कोरलेल्या ओळी होत्या. आजोबांचं नाव, पेठ, पुराचं साल. त्याखाली मिस्त्रीचं नाव, आणि पिपं उन्हात सुकली त्या एप्रिलची नोंदसुद्धा.

"तुळई ज्याने पहिल्यांदा घडवली, त्याचं नाव कुठून आणू?" त्याने विचारलं. शेवटच्या ओळीत त्याने तेवढी जागा मोकळी सोडली होती.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)