घरगुती ध्वनिमुद्रणातील मिक्सर आणि इंटरफेस

एकेक आवाज किंवा वाद्य स्वतंत्र ट्रॅकवर नोंदवायचे आणि मग त्या सर्वांचा मेळ घालायचा, ही बहुट्रॅक ध्वनिमुद्रणाची पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक कलावंतांना घरी परवडणारी नव्हती. अमेरिकी गिटारवादक लेस पॉल यांनी १९५७ मध्ये अँपेक्स कंपनीचे आठ ट्रॅकचे यंत्र घरी आणले होते खरे, परंतु तो अपवादच होय. १९७९ मध्ये जपानच्या टीॲक कंपनीने टास्कॅम या नाममुद्रेखाली ‘पोर्टास्टुडिओ १४४’ बाजारात आणला, तेव्हा ही परिस्थिती पालटली. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक नोंदवणाऱ्या या यंत्रात फीत नेहमीच्या दुप्पट वेगाने फिरे, कारण वेग वाढला की ध्वनीतील बारकावे अधिक टिकतात. शिवाय त्याच पेटीत मिक्सर, म्हणजे अनेक ठिकाणांहून आलेल्या ध्वनिसंकेतांची पातळी, खर्ज व तीव्र स्वरांचा तोल आणि डावी-उजवी जागा ठरवून त्यांना एकत्र करणारे उपकरण, बसवलेले होते.

अमेरिकी गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी १९८२ च्या आरंभी न्यू जर्सीतील राहत्या घरी याच यंत्रावर, शुअर एसएम५७ जातीचे दोन मायक्रोफोन लावून, काही गाण्यांचा कच्चा आराखडा नोंदवला. पुढे वाद्यवृंदासह स्टुडिओत तीच गाणी पुन्हा करून पाहिली, तरी मूळ कॅसेटचा बाज साधेना, म्हणून त्या कॅसेटवरूनच ‘नेब्रास्का’ हा संग्रह प्रकाशित झाला. घरी केलेले मुद्रण प्रकाशनायोग्य ठरू शकते, याचा इतका ठसठशीत पुरावा त्यापूर्वी क्वचितच मिळाला असेल.

संगणक या व्यवहारात शिरला तो मात्र लंगडतच. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे १९८९ मधील साउंड ब्लास्टर कार्ड प्रामुख्याने खेळांसाठी घेतले जाई आणि त्याची ध्वनिनोंद केवळ ८ बिटांची होती. शिवाय अशी कार्डे संगणकाच्या पेटीतच, विजेच्या गोंगाटात बसत. ग्रेग मॅकी यांच्या कंपनीने १९९० च्या दशकाच्या आरंभी आणलेल्या सीआर-१६०४ सारख्या आटोपशीर मिक्सरमुळे मायक्रोफोन जोडण्याची सोय झाली, तरी साध्या कार्डात मिक्सरचे डावे आणि उजवे एवढे दोनच संकेत जात. चार कलावंतांचा आवाज एकदा असा एकजीव झाला की, तबला वरचढ झाल्याचे नंतर कितीही जाणवले, तरी तो तेवढाच वेगळा काढून खाली आणता येत नसे. प्रत्येक मायक्रोफोनला संगणकापर्यंत स्वतंत्र वाट हवी, ही गरज मुख्यतः या अडचणीतून पुढे आली.

दरम्यान मिक्सर स्वतःच संगणकात गेला. हॅम्बर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ च्या क्यूबेस व्हीएसटी या आज्ञावलीत फेडर (पातळी ठरवणाऱ्या सरकत्या कळा), इक्वलायझर आणि प्रतिध्वनी पडद्यावर आणले आणि पुढच्याच वर्षी एएसआयओ ही, संगणकाच्या मूळ प्रणालीतील ध्वनिव्यवस्था टाळून थेट कार्डाशी बोलणारी जोडणी दिली. तिची गरज विलंबामुळे भासली. संगणक ध्वनीचे नमुने, म्हणजे सॅम्पल, गठ्ठ्यागठ्ठ्याने हाताळतो. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले, तर १,०२४ नमुन्यांच्या एका गठ्ठ्याला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात; आत येताना आणि बाहेर जाताना मिळून हा उशीर दुप्पट होतो, आणि हेडफोनमध्ये स्वतःचा सूर उशिरा ऐकू आला की गायकाची लय सुटते. गठ्ठा १२८ नमुन्यांचा केला, तर हाच एका बाजूचा विलंब ३ मिलिसेकंदांच्या आत येतो, पण संगणकावरचा भार वाढतो. म्हणूनच पुढच्या अनेक इंटरफेसांत, म्हणजे ध्वनी संगणकात नेणाऱ्या आणि बाहेर आणणाऱ्या पेट्यांत, आलेला आवाज संगणकाला वळसा घालून सरळ हेडफोनकडे पाठवण्याची सोय ठेवली गेली. जुन्या मिक्सरचे हे एक काम आज्ञावलीला पुरते घेता आले नाही.

डिजिडिझाइन कंपनीच्या १९९९ मधील डिजी ००१ ने आठ ॲनालॉग इनपुट संगणकाबाहेरच्या पेटीत आणले. त्यांपैकी दोन मायक्रोफोनसाठी होते. त्याच पेटीत आणखी आठ वाहिन्या घेणारी प्रकाशतंतूची जोडणीही होती. ती अलेसिस कंपनीच्या एडॅट या फीतयंत्रासाठी तयार झालेली. ते यंत्र मागे पडले, जोडणी मात्र आजही इंटरफेसांवर दिसते. त्याच कंपनीच्या २००२ च्या एमबॉक्स या इंटरफेसमध्ये यूएसबीच्या एकाच तारेवर दोन इनपुट मिळाले. मायक्रोफोनचा क्षीण संकेत वाढवणारा प्रीअँप आणि कंडेन्सर मायक्रोफोनला लागणारा, नॉयमान कंपनीने १९६६ मध्ये रूढ केलेला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, हे दोन्ही त्यात होते.

म्हणून आज उपकरण निवडताना एका वेळी किती मायक्रोफोन चालू राहणार, हा प्रश्न फेडरच्या संख्येआधी विचारावा. एकट्या गायकाला दोन इनपुट पुरतात; गायन, पेटी आणि तबल्याच्या दायाँ-बायाँना वेगवेगळे मायक्रोफोन धरून बैठकीला चार लागतात; पाश्चात्त्य ड्रमसंचाला बहुधा आठ. वेगळा मिक्सर घ्यायचाच असेल, तर प्रत्येक वाहिनी संगणकात स्वतंत्रपणे पाठवणाराच घ्यावा. केवळ डावे-उजवे पाठवणारा या कामी उपयोगाचा नाही.