बांधणी : बायकांच्या बोटांचा इतिहास

आमच्या बचत गटांच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. पेटीत पडून असलेल्या जुन्या बांधणी साड्यांचे अभ्रे, पडदे शिवून विकायचे का? जरूर शिवू या. पण कात्री लावण्याआधी हे कापड कुणाच्या हातून येतं, ते जाणून घेऊ.

बांधणी म्हणजे बांधून रंगवलेलं कापड. जिथे दोरा घट्ट, तिथे रंग पोचत नाही आणि ठिपका उमटतो. ही कला फार जुनी. आपल्या अजिंठ्याच्या चित्रांत ठिपक्यांची वस्त्रं दिसतात, ती बांधणीची असावीत असं अभ्यासक मानतात. सातव्या शतकात बाणभट्टाने 'हर्षचरित' लिहिलं. त्यात राजकन्या राज्यश्रीच्या लग्नाची तयारी वर्णन केली आहे. नगरातल्या जाणत्या, वयस्कर बायका तिथे रंगवायचं कापड बांधत बसल्या आहेत. म्हणजे राजाच्या लग्नघरीही हे काम बायकांच्याच हातात होतं.

पुढे कच्छ-सौराष्ट्रात, भुज, मांडवी, जामनगर इथे ही कला बहरली. तिथे रंगकाम खत्री समाजाचं. गाठी मात्र बहुतेक बायकाच मारतात, घरचं काम आटोपून, दारात बसून. कापडाच्या घड्या करून त्यावर नक्षी छापतात. मग नखाने इवलीशी चिमूट उचलायची, दोऱ्याचे वेढे द्यायचे, की पुढची चिमूट. पांढरे ठिपके आधी बांधून कापड पिवळं रंगवतात. मग पिवळे राहायचे ते ठिपके बांधून लाल रंगात बुडवतात. फिकट रंग आधी, गडद शेवटी. बारीक कामाच्या साडीत हजारो गाठी असतात, त्यात महिनेच्या महिने जातात. मजुरी गाठी मोजून मिळते. चार गाठींची एक कडी. साडी दुकानाच्या नावाने विकली जाते, बांधणारीचं नाव तिच्यावर कुठेच नसतं.

आता बाजारात छापील 'बांधणी' ढिगाने येते. खऱ्या बांधणीचे ठिपके थोडे लहान-मोठे असतात आणि कापडाला चुण्या असतात. छापील कापडाचे ठिपके अगदी एकसारखे, आणि बहुधा उलट्या बाजूला फिके.

घर सजवताना एवढं लक्षात ठेवा. धड साडी कापू नका, विरलेलीच घ्या. अभ्र्याला आतून सुती अस्तर लावा. कडक उन्हाच्या खिडकीला पडदा करू नका, रंग उडतो. गार पाण्यात वेगळं धुवा, सावलीत वाळवा. इस्त्री दाबून फिरवली तर चुण्या जातात.

आणि विकताना छापील कापडावर 'छापील' असंच लिहा. छापील अभ्रा बांधणी म्हणून खपवला, तर कच्छमधल्या आपल्यासारख्याच एका बाईची मजुरी बुडते. गोधडीच्या टाक्यांना योग्य भाव मिळावा असं आपण म्हणतो ना? मग तिच्या गाठींचाही मान आपणच राखायला हवा.