यकृतशोथ, व्हायरसजन्य

यकृतशोथ, व्हायरसजन्य : विशिष्ट व्हायरसांच्या संसर्गामुळे यकृताला येणाऱ्या दाहयुक्त सुजेस ‘व्हायरसजन्य यकृतशोथ’ म्हणतात. डोळे व त्वचा पिवळी पडत असल्यामुळे व्यवहारात तो ‘कावीळ’ या नावाने ओळखला जातो. तथापि कावीळ हे लक्षण असून रोग नव्हे आणि अनेक रुग्णांत ते आढळतही नाही. ए, बी, सी, डी व ई हे या रोगाचे पाच प्रमुख प्रकार असून प्रत्येकाचा व्हायरस वेगळा आहे. अन्नावरची वासना जाणे, मळमळ, थकवा, गडद लघवी ही सुरुवातीची लक्षणे सर्व प्रकारांत सारखीच असतात. त्यामुळे केवळ रुग्णाला तपासून प्रकार ठरविता येत नाही. रुग्णाचे भवितव्य मात्र पुष्कळ अंशी प्रकारावरच अवलंबून असते. म्हणून या रोगाचा इतिहास हा मुख्यत्वे एकच समजल्या गेलेल्या विकारातून पाच रोग वेगळे काढण्याचा इतिहास आहे.

प्रारंभीच्या कल्पना : लष्करी छावण्यांत साथीच्या स्वरूपात येणारी कावीळ पूर्वीपासून परिचित होती. एकोणिसाव्या शतकात रूडोल्फ फिरखो या जर्मन विकृतिवैज्ञानिकांनी पित्तनलिकेच्या तोंडाशी श्लेष्म्याचा (बुळबुळीत स्रावाचा) बोळा बसून पित्त तुंबते, असे मत मांडले. १९३९ मध्ये डेन्मार्कमधील रोहोल्म व इव्हर्सन यांनी रुग्णांच्या यकृतातून सुईने काढलेले ऊतकाचे (समान रचना व कार्य असणाऱ्या पेशींच्या समूहाचे) तुकडे तपासले, तेव्हा विकृती मुळात यकृतातील पेशींतच असल्याचे स्पष्ट झाले.

रक्तावाटे होणाऱ्या प्रसाराचा पुरावा त्यापूर्वीच मिळाला होता. १८८३ मध्ये ब्रेमेन येथील जहाजबांधणी कारखान्यातील १,२८९ कामगारांना मानवी लसीकेपासून तयार केलेली देवीची लस टोचण्यात आली व पुढील काही महिन्यांत त्यांपैकी १९१ जणांना कावीळ झाली. दुसरी लस टोचलेले कामगार निरोगी राहिले. ल्यूर्मन यांनी १८८५ मध्ये ही हकिकत प्रसिद्ध केली. तिचा बोध घेतला गेला नाही. १९४२ मध्ये अमेरिकी सैनिकांना टोचलेल्या पीतज्वराच्या लशीत मानवी रक्तरस मिसळलेला होता. त्यातून सुमारे ५०,००० सैनिकांना कावीळ झाली.

ए व बी प्रकार : दूषित अन्नपाण्यातून होणारा व रक्तातून होणारा असे दोन भिन्न रोग असावेत, या अनुमानावरून एफ्. ओ. मॅक्कॅलम यांनी १९४७ मध्ये त्यांना अनुक्रमे ए व बी ही नावे सुचविली. न्यूयॉर्कमधील विलोब्रुक या बौद्धिक विकलांग मुलांच्या संस्थेत सॉल क्रुगमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांनी हा भेद १९६७ मध्ये पक्का झाला. या प्रयोगांत मुलांना हेतुपुरस्सर संसर्ग घडविण्यात आला होता. पालकांची संमती घेतलेली असली, तरी ती खऱ्या अर्थाने मुक्त होती काय, याविषयी तीव्र टीका झाली. मानवी प्रयोगांच्या नीतिनियमांच्या चर्चेत या प्रकरणाचा उल्लेख आजही केला जातो.

बॅरूक ब्लंबर्ग यांना एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तरसात एक अपरिचित प्रतिजन आढळला. अनेकदा रक्त घ्यावे लागलेल्या एका रक्तस्रावी रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडाशी त्याची विक्रिया झाली होती. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ बी व्हायरसाचे पृष्ठीय आवरण असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि रक्तदात्यांच्या रक्ताची तपासणी शक्य झाली. ब्लंबर्ग यांना १९७६ च्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. ए व्हायरस १९७३ मध्ये फाइनस्टोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखविला.

डी, सी व ई प्रकार : मारिओ रिझेत्तो यांनी १९७७ मध्ये इटलीतील रुग्णांत डेल्टा प्रतिजन शोधला. हा डी व्हायरस बी व्हायरसाच्या साहाय्यावाचून रोग उत्पन्न करू शकत नाही. मात्र दोन्ही एकत्र आल्यास रोग अधिक उग्र होतो. रक्ताधानानंतर होणारी कावीळ बहुतेक वेळा ए किंवा बी प्रकारची नसते, हे हार्वी ऑल्टर व त्यांच्या सहकाऱ्यांना १९७५ मध्ये दिसून आले. तिला कारणीभूत असलेला सी व्हायरस मायकेल हाउटन यांच्या गटाने १९८९ मध्ये ओळखला.

ई प्रकाराच्या इतिहासाशी भारताचा निकटचा संबंध आहे. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेचा प्रवाह बदलून नजफगढ नाल्याचे सांडपाणी वझीराबाद येथील पाणीपुरवठ्यात शिरले. पाण्यात क्लोरीन अधिक घातल्यामुळे आंत्रज्वराची (टायफॉइडची) साथ उद्‌भवली नाही, परंतु सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. ही साथ ए प्रकाराची मानली गेली. १९७८ मधील काश्मीरमधील साथीच्या अभ्यासावरून एम्. एस्. खुरू यांनी हा निराळा रोग असल्याचे दाखविले व जतन केलेल्या दिल्लीच्या रक्तनमुन्यांनीही त्यास दुजोरा दिला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने अभ्यासलेली १९८१ मधील कोल्हापूरची साथही ए वा बी प्रकाराची नव्हती. १९८३ मध्ये सोव्हिएट शास्त्रज्ञ बालायान यांनी रुग्णांच्या मलाचा गाळलेला अंश स्वतः प्राशन करून रोग ओढवून घेतला व आपल्याच मलात व्हायरसाचे कण दाखविले.

रुग्णांवरील परिणाम : ए प्रकार बालपणी बहुधा सौम्य असतो, प्रौढांत अधिक त्रासदायक ठरतो, परंतु तो चिरकारी होत नाही. ई प्रकारही सामान्यतः आपोआप बरा होतो. मात्र गर्भारपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत तो घातक ठरतो व काही साथींत अशा स्त्रियांपैकी २० टक्क्यांहून अधिक दगावल्या आहेत. बी प्रकारात वय निर्णायक असते. जन्मवेळी मातेकडून संसर्ग झालेल्या सुमारे ९० टक्के अर्भकांत तो चिरकारी होतो, तर प्रौढांत हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते. सी प्रकार बहुसंख्य रुग्णांत चिरकारी होतो. या दोन्ही प्रकारांत रुग्णाला अनेक वर्षे काहीही जाणवत नाही व यकृतसूत्रण रोग (सिऱ्होसिस) किंवा कर्करोग झाल्यावरच निदान होते. २०२२ मध्ये जगात सुमारे २५.४ कोटी लोकांना बी व ५ कोटी लोकांना सी प्रकाराचा चिरकारी संसर्ग होता. बी प्रकाराच्या रुग्णांपैकी केवळ १३ टक्क्यांचे निदान झालेले होते.

प्रतिबंध व उपचार : बी प्रकाराची लस १९८१ पासून उपलब्ध असून ती डी प्रकारापासूनही संरक्षण देते, जन्मानंतर २४ तासांच्या आत तिची पहिली मात्रा देणे महत्त्वाचे असते. ए प्रकारावरही लस आहे. सी प्रकारावर लस नाही, परंतु २०१३ नंतर प्रचारात आलेल्या, तोंडाने घ्यावयाच्या औषधांनी सुमारे तीन महिन्यांत ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. बी प्रकारात औषधांनी व्हायरसाची वाढ रोखता येते, पण तो शरीरातून क्वचितच नाहीसा होतो. ए व ई प्रकारांना आळा घालण्याचा मुख्य उपाय शुद्ध पाणी व मलनिःसारणाची योग्य व्यवस्था हाच आहे. भारतात २०१८ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला असून त्यात बी व सी प्रकारांची तपासणी व औषधे विनामूल्य दिली जातात. कावीळ ओसरली म्हणजे रोग गेला, ही समजूत मात्र अजूनही रूढ आहे. रक्ततपासणीने प्रकार निश्चित झाल्यावाचून रुग्ण बरा झाला, असे म्हणता येत नाही.